हात बघण्याची पुस्तकं हाताळताना

हाताची आणि चेहऱ्याची जुनी पुस्तकं जमवायची म्हणतेस, तर सगळ्यात आधी एक सवय सोड, पोरी. पान उलटताना बोट जिभेला लावायचं नाही. आपल्या घरात सगळ्यांनाच ती सवय आहे, पण हस्तलिखित पोथीपुढे ती चालत नाही. लेखनिकाची चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ फासायचा आणि वर बरोबर अक्षर लिहायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पानावर पिवळाधमक पट्टा दिसला की तो हरताळ समज. तो आर्सेनिकचं संयुग आहे, आणि दोन-तीनशे वर्षांनी त्यातलं विष उतरत नाही. विलायती पुस्तकांतही एकोणिसाव्या शतकातल्या काही झगझगीत हिरव्या कापडी बांधण्यांच्या रंगात आर्सेनिक सापडलेलं आहे. असं हिरवं पुस्तक हाती आलं तर ते वेगळ्या पिशवीत ठेव, रबरी हातमोजे घालूनच उघड, आणि पोराबाळांच्या हाती देऊ नकोस. बाकीच्या पुस्तकांना मोजे नकोत. धुऊन कोरडे केलेले हात सगळ्यात चांगले. सुती मोज्यांत बोटाला कागदाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं.

तुझे आजोबा बाइंडिंग करत. पंचांगवाले, भिक्षुक, ज्योतिषी अशी सगळी मंडळी त्यांच्याकडे यायची. सामुद्रिकाच्या पोथ्यांपासून कीरो या हस्तरेषातज्ज्ञाच्या जाड इंग्रजी पुस्तकापर्यंत सगळं त्यांच्या फळीवर शिवलं गेलं. त्यांच्याशेजारी बसून जे कानावर पडलं आणि पुढे स्वतः बघत जे उमगलं, ते सांगतो.

दुकानदाराने पुस्तक पुढे सरकवलं की मुखपृष्ठाकडे बघू नकोस, चित्रं मोज. या विषयात मजकुरापेक्षा चित्रं महत्त्वाची, आणि नेमकी तीच आधी गायब होतात. कुणी भिंतीवर लावायला कापतं, कुणी फुटपाथवर बसणारा आपल्या पाटीवर डकवायला कापतं. बेनहॅमचं हस्तरेषांवरचं मोठं पुस्तक १९०० साली न्यूयॉर्कला निघालं. प्रत्यक्ष हातांवरून घेतलेली सुमारे ८०० चित्रं हा त्याचा सगळा जीव आहे. ती नसतील तर नुसता पुठ्ठा आणि उपदेश उरतो. कीरोच्या पुस्तकात नामांकित लोकांच्या हातांचे ठसे आहेत, सारा बर्नहार्ट या नटीचा, मार्क ट्वेनचा. नावाजलेले हातच सगळ्यात आधी चोरीला जातात, म्हणून ती पानं आधी शोध.

मोजायचं कसं, तेही शिकून घे. पुढच्या पानांत चित्रांची यादी असते. ती उघडी ठेव आणि एकेक चित्र समोर बघूनच पुढे जा. मग पुस्तक अर्धं उघडून शिवणीच्या बाजूने अंगठा हळू फिरव. पान कापलेलं असेल तर शिवणीत कागदाची अरुंद पट्टी उरलेली बोटाला लागते. आजोबांनी दाखवलेली तिसरी खूण मला सर्वांत आवडते. चित्राचं पान वर्षानुवर्षं समोरच्या पानाला चिकटून राहिलं की त्या पानावर चित्राची तपकिरी सावली उमटते. सावली आहे आणि चित्र नाही, म्हणजे पान गेलं. दुकानदार कितीही शपथा घेवो, त्या सावलीचं ऐक. आता बहुतेक गाजलेल्या पुस्तकांच्या संपूर्ण प्रती इंटरनेटवर मिळतात. पैसे मोजण्याआधी तिथल्या प्रतीशी पानन् पान ताडून बघ. आमच्या वेळी त्यासाठी एशियाटिकच्या पायऱ्या चढाव्या लागत.

आवृत्तीच्या बाबतीत प्रस्तावनेखालच्या तारखेवर जाऊ नकोस. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तशीच छापतात. कीरोचं हाताच्या भाषेवरचं पुस्तक १८९४ चं, पण ते पुढे कित्येक दशकं पुन्हा पुन्हा निघत राहिलं. शेवटची जाहिरातींची पानं वाच. त्यांत त्याच्या आठवणींच्या पुस्तकाची जाहिरात असेल तर ती प्रत १९१२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण ते पुस्तक त्या साली आलं. एवढ्याशा जाहिरातीने किंमत निम्म्याखाली आलेली मी पाहिली आहे.

आणि त्या काळातल्या इंग्रजी पुस्तकांच्या नावांत ‘शास्त्रीय’, ‘शास्त्र’, ‘नियम’ असे भारदस्त शब्द का दिसतात, तेही लक्षात ठेव. इंग्लंडमध्ये १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्याने हात पाहून लोकांना फसवणं हा गुन्हा ठरवला होता, आणि त्यात हस्तरेषांचा नाव घेऊन उल्लेख होता. जत्रेतल्या हात पाहणाऱ्या बाईपासून आपण वेगळे आहोत, हे दिवाणखान्यातल्या हस्तरेषातज्ज्ञाला दाखवणं भाग होतं. म्हणून मोजमापं, आकृत्या, जाड कागद आणि गंभीर भाषा. हे कळलं की ती पुस्तकं वेगळी वाचता येतात. लेखक कुणाला पटवतोय, हे ओळीओळीत दिसायला लागतं.

कीरोचा आणि आपल्या कोकणाचा संबंध तुला कुणीतरी सांगेलच, तेव्हा तो नीट ठाऊक असू दे. त्याचं खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म १८६६ चा, आयर्लंडचा. पुढे तो स्वतःला काउंट लुई हॅमन म्हणवू लागला आणि १९३६ साली हॉलिवूडमध्ये वारला. त्याने लिहून ठेवलंय की तरुणपणी तो मुंबईत उतरला, तिथे त्याला एक चित्पावन गुरू भेटले, ते त्याला कोकणातल्या आपल्या गावी घेऊन गेले, आणि ब्राह्मणांनी जिवापाड जपलेला, माणसाच्या कातड्याच्या पानांचा एक प्रचंड हस्तरेषाग्रंथ त्याला अभ्यासायला मिळाला. हे सगळं त्याच्या एकट्याच्या शब्दावर उभं आहे. तो ग्रंथ त्याने जगापुढे कधी आणला नाही. आता विचार कर. जे घर मेलेल्या जनावराच्या कातड्याला शिवून आंघोळ करायचं, ते देवघरात माणसाच्या कातड्याची पोथी ठेवेल? लंडनच्या गिऱ्हाइकाला भावेल अशी ही गोष्ट आहे. ‘कीरोने पाहिलेल्या पोथीची नक्कल’ म्हणून कुणी काही विकायला आणलं तर चहा पाज आणि निरोप दे.

आपल्या परंपरेत पाहायचं तर सुरुवात वराहमिहिरापासून कर. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत पुरुषांच्या आणि कन्यांच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहेत. गरुडपुराणात हा विषय आहे. बाराव्या शतकात गुजरातेत दुर्लभराज आणि त्याचा मुलगा जगद्देव यांनी सामुद्रिकतिलक रचला. सतराव्या शतकात मेघविजयगणी या जैन मुनींनी हस्तसंजीवन लिहिलं. छापखाने आल्यावर मुंबईत खेमराज श्रीकृष्णदासांच्या श्रीवेंकटेश्वर छापखान्याने ज्योतिषाचे असले ग्रंथ हिंदी टीकेसह छापून देशभर पोचवले. लांबट, सुट्या पानांचे, पोथीसारखेच. त्या छापील पोथ्यांना बाजारात फार भाव नाही. तुझ्यासारखीने सुरुवात तिथूनच करावी.

हस्तलिखित पोथीत शेवटचं पान आधी बघ. तिथे पुष्पिका असते: ग्रंथ संपल्याची नोंद, बहुधा शक, तिथी, लेखनिकाचं नाव, कधी गाव. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, संवतातून ५७ वजा केले की येतो. वर्षाच्या टोकाला एकाचा फरक पडतो. पण आकडा कुणीही मागाहून लिहू शकतं, म्हणून संवत्सराचं नाव ताडायचं. आपल्याकडच्या पोथीत शकाला १२ मिळव, ६० ने भाग, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. शके १८०० घे: १८१२, साठाने भागून बाकी १२, बारावं संवत्सर बहुधान्य. पोथीत शके १८०० आणि शेजारी वेगळंच संवत्सर असेल तर थांब. लेखनिक चुकला असेल किंवा कुणी मुद्दाम वय वाढवलं असेल. पैसे देण्याआधी जाणकाराला दाखव. उत्तरेकडच्या पोथ्यांत संवत्सरांची गणना वेगळी चालते, हेही ध्यानात असू दे.

बनावट ओळखायची आणखी एक गोष्ट. चोरबाजारात आणि पर्यटकांच्या दुकानांत जुन्या पोथीच्या किंवा चोपड्यांच्या सुट्या पानांवर नव्याने रंगवलेले हात विकायला असतात: चक्र, शंख, मत्स्य काढलेले, सोनेरी कडा, बघता क्षणी मोह पडेल असे. कागद खरोखर जुना असतो, म्हणून लोक फसतात. कसरीने पाडलेली भोकं भिंगाखाली बघ. चित्र जुनं असेल तर कसरीने कागदाबरोबर रंगही खाल्लेला असतो. रंग भोकाच्या कडेवर उतरून आत गेला असेल तर भोक आधीचं आणि चित्र कालचं. मग अक्षर वाच. हाताच्या चित्राभोवती औषधाच्या मात्रा नाहीतर उधारीचा हिशेब लिहिलेला असेल तर आणखी काय पुरावा हवा? मोडी शिकून घे. पुण्या-मुंबईत वर्ग चालतात, आणि मोडी न येणारा माणूस या धंद्यात निम्मा आंधळा असतो.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला फार वर्षांनी लख्ख दिसली आणि जिच्यामुळे या पुस्तकांकडे बघण्याची माझी नजर बदलली. अंगठ्याच्या बुडाला वळसा घालून जाते ती आयुष्यरेषा, असं आज रस्त्यावरचा माणूसही सांगेल. जुन्या संस्कृत परंपरेत तसं नाही. तिथे करंगळीखालून निघून तर्जनीकडे जाणारी, म्हणजे आज आपण जिला हृदयरेषा म्हणतो ती आयुष्याची रेघ. ती तर्जनीपर्यंत पोचली की शंभर वर्षं. अंगठ्याभोवतीची रेघ तिथे गोत्राची किंवा पित्याची. विसाव्या शतकातल्या मराठी-हिंदी पुस्तकांनी विलायती नावं उचलली आणि प्रस्तावनेत मात्र नाव ऋषींचं घेतलं. म्हणून कुठलंही जुनं मराठी पुस्तक हाती आलं की सरळ हाताच्या आकृतीवर जा आणि अंगठ्याजवळच्या रेघेला काय म्हटलंय ते बघ. पितृरेषा म्हटलं असेल तर लेखक संस्कृत ग्रंथांच्या वाटेने चाललाय. आयुष्यरेषा म्हटलं असेल तर त्याच्या टेबलावर, त्याने सांगितलं नसलं तरी, एखादं इंग्रजी पुस्तक उघडं होतं. दोन मिनिटांत पुस्तकाचं कुळ कळतं. आणि जिच्या लांबीवरून माणसाचं मरण सांगायचं, ती रेघ नेमकी कोणती यावरच हे ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत, हेही कळतं.

युरोपातली फार जुनी पुस्तकं तुला विकत घेता येणार नाहीत, पण ओळखता आली पाहिजेत. पंधराव्या शतकात योहानस हार्टलीबच्या नावावरचं हस्तरेषांचं पुस्तक लाकडी ठशांवरून छापलेलं आहे. अख्खं पान, हात आणि अक्षरं, एकाच फळीवर कोरलेलं. नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताचं चेहऱ्यांवरचं पुस्तक १५८६ सालचं. माणसाचं डोकं आणि शेजारी सिंहाचं, मेंढ्याचं, घुबडाचं डोकं, तोंडं एकमेकांशी जुळवून काढलेली. त्याच साली पोप पाचव्या सिक्स्टसने भविष्यकथनाच्या विद्यांविरुद्ध फर्मान काढलं. देल्ला पोर्ताने हातावरही लिहिलं होतं, पण ते छापून आलं १६७७ साली, तो गेल्यावर कितीतरी वर्षांनी.

तुझ्या हाती येण्याची शक्यता आहे ती लाव्हाटरची. हा झुरिकचा धर्मोपदेशक. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्यावर त्याचे चार मोठे खंड १७७५ ते १७७८ या काळात निघाले, तरुण गटेने त्याला त्यात मदत केली होती. दिव्यासमोर माणूस बसवायचा, पडलेली सावली कागदावर काढून घ्यायची आणि तिच्यावरून नाक, कपाळ, हनुवटी मोजायची, ही त्याची आवडती रीत. त्याची इंग्रजी भाषांतरं चित्रांसह भरपूर खपली, आणि आज त्या खंडांची शिवण उसवून एकेक चित्र चौकटीत घालून विकतात. चित्रं देखणी असतात. तरी सुटं पान घेऊ नकोस. तू एक घेतलंस की दुकानदार पुढचा खंड फाडतो. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर उसवलेली पुस्तकं शिवली. त्यांच्या नातीच्या भिंतीवर असलं पान मला बघवणार नाही.

सांभाळायचं म्हणशील तर एक उलटी गोष्ट ध्यानात ठेव. जितकं जुनं तितकं नाजूक, असं नसतं. चिंध्यांच्या लगद्याचा अठराव्या शतकातला कागद अजून मऊ असतो. लाकडाच्या लगद्याचा १८७० नंतरचा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि कोपऱ्यातून बिस्किटासारखा तुटतो. तुझा बेनहॅम तुझ्या पोथीच्या आधी जाईल, म्हणून जास्त काळजी त्याची घे. पुस्तक पूर्ण सपाट उघडायचं नाही, दोन्ही बाजूंना उशी देऊन निम्म्यावर ठेवायचं. चिकटपट्टी, लॅमिनेशन, रबरबँड, स्टेपल, बॉलपेन यांतलं काहीही पुस्तकाजवळ आणू नकोस. चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरला की तो काढायला तज्ज्ञच लागतो. नोंद करायचीच असेल तर मऊ पेन्सिलीने, आणि पुस्तकात नव्हे तर वहीत.

पोथीला बासन हवं ते धुतलेल्या सुती कापडाचं. नव्या कापडाची खळ आधी काढून टाक, किड्यांना ती आवडते. वर-खाली लाकडी फळ्या, आणि दोरी घट्ट आवळायची नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे कपाटात ठेव, पानांत नको, डाग पडतात. डांबरगोळ्या आणि कीटकनाशकाची पूड पुस्तकात घालू नकोस. कीड लागलीच तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून नीट बंद कर आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेव. बाहेर काढल्यावर घरातल्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे पुरता एक दिवस, पिशवी उघडायची नाही, नाहीतर दमट होईल. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पोथ्या उघडूच नयेत. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर एकेक पान सुटं कर. ऊन दाखवायचं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या बायकांना वाळवणाबरोबर पोथ्याही गच्चीवर टाकायची फार हौस. दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास आहे, एकोणिसाव्या दशकातला पहिला. त्यात समर्थ भोवती मोकळी जागा सोडून मध्ये लिहायला सांगतात, कागद कडेने झडला तरी अक्षर वाचावं म्हणून. अशा सोडलेल्या जागेमुळेच कितीतरी पोथ्या आज वाचता येतात. बाइंडरने कडा छाटू म्हटलं तर हात धर.

पानांच्या कडेच्या त्या मोकळ्या जागेत काय लिहिलेलं असतं, त्याकडे माझं लक्ष मजकुरापेक्षा जास्त जातं. हात पाहण्याचं पुस्तक घरात असलं की घरातला प्रत्येक जण त्यावर आपला हात ठेवून बघतो. पेन्सिलीने काढलेली पंज्याची बाह्यरेषा, शाईचा धुरकट ठसा, जन्मवेळ, ‘विवाह दोन?’ असा प्रश्न, एखाद्या ओळीखाली तीनदा ओढलेली रेघ. संततीच्या प्रकरणाची पानं सगळ्यात मळलेली असतात. आयुष्याच्या प्रकरणात कधी मुलाचं नाव आणि तारीख असते, आणि त्यापुढे कुणी काही लिहिलेलं नसतं. हे खोडायचं नाही, ‘स्वच्छ’ करायचं नाही. बाजार याला खराबी म्हणतो आणि किंमत पाडतो, तेवढं आपल्या पथ्यावर. मात्र नावं, जन्मवेळा असलेल्या पानांचे फोटो जगाला दाखवत बसू नकोस. त्यांची नातवंडं कुठेतरी असतील.

आणि आता माणसांचं.

ही पुस्तकं जमव, वाच, पण त्यांतलं माप जिवंत माणसाला लावायचं नाही. तुझ्या आजोबांची ही एकच गोष्ट अशी होती की तिच्यावर वाद चालत नसे. ते कारण सांगत नसत. मी सांगतो.

१८३१ साली बीगल जहाजाचा कप्तान फिट्झरॉय तरुण डार्विनला सफरीवर घ्यायला कचरला होता. का, तर तो लाव्हाटरचा भक्त होता आणि असल्या नाकाच्या माणसात दमदारपणा, निश्चय असेल का अशी त्याला शंका आली. डार्विनने स्वतःच हे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्या नाकावरून नकार पक्का झाला असता तर पुढे काय काय झालं नसतं, याचा विचार तूच कर. डार्विन निभावला. ज्यांच्या आठवणी छापल्या गेल्या नाहीत अशा किती जणांची नाकं कुणाला पसंत पडली नसतील?

पुढे हे प्रकरण दिवाणखान्यातून सरकारी दप्तरात गेलं. इटलीत लोंब्रोसोने १८७६ साली जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून, कवटीवरून ओळखता येतो असं मांडलं. आपल्याकडे रिस्लेसाहेबाने बंगालात लोकांची नाकं मोजली आणि नाकाच्या रुंदीवरून जातींची उंची-खोली ठरवली. १९०१ च्या शिरगणतीचा प्रमुख हाच माणूस. देल्ला पोर्ताचा मेंढा आणि रिस्लेची नाकपट्टी यांच्यात तीनशे वर्षांचं अंतर आहे, पण खोड एकच: वरून आत बघता येतं ही खात्री. याला चोख उत्तर दिलं ते बाबासाहेबांनी. अस्पृश्यांच्या मुळावरच्या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मोजमापांचे तेच आकडे हाती घेतले आणि त्यांतूनच दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा ठरत नाही. तुझ्या फळीवर लाव्हाटर आला तर त्याच्या शेजारी तो ग्रंथ ठेव. हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही, खरोखर शेजारी ठेव. गाल्टनचं बोटांच्या ठशांवरचं १८९२ चं पुस्तक मिळालं तर तेही ठेव. १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेलने एका कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा करारावर घेतला, तिथून ती वाट सुरू झाली, आणि १८९७ ला कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली. ती चालवण्याच्या पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोघांचं डोकं होतं. हातावरच्या रेघा माणूस कोण आहे ते खात्रीने सांगतात. तो कसा आहे, ते सांगत नाहीत.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त नुकसान केलं ते कन्यालक्षणाने. पायाच्या बोटांची लांबी, ती जमिनीला टेकतात की नाही, चाल, केस, कपाळ यांवरून ही मुलगी नवऱ्याला लाभेल की नाही, हे ठरवणारे श्लोक बृहत्संहितेत आहेत. बघण्याच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखवायला का सांगत, ते तुझ्या आईला विचार. अंगठ्याशेजारचं बोट लांब म्हणून मोडलेली लग्नं आपल्या नात्यात आहेत. पोथीतला श्लोक ठाऊक नसलेल्या बायकांनाही त्याचा निकाल पाठ होता. तो अध्याय मी तुला लपवून ठेवायला सांगत नाही. उघड, वाच, त्याचं वय लिही, कोणत्या घरातून पोथी आली ते लिही. आपल्या आज्या-पणज्यांकडे लोक कुठल्या नजरेने बघत होते, याचा असा लेखी पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. आणि हे सगळं इंग्रजी शिकल्यावर सुचलं असंही समजू नकोस. ब्रह्मजालसुत्तात अंगलक्षणं सांगून पोट भरणं भिक्षूंना वर्ज्य म्हटलंय. मनुस्मृतीनेही संन्याशाने अंगविद्येच्या जोरावर भिक्षा मिळवू नये असं सांगितलंय. ज्यांच्या काळात ही विद्या भर बहरात होती, त्यांनाही तिच्या पैशाचा विटाळ वाटत होता.

व्यवहारातलं थोडं राहिलं. ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर नेता येत नाही. छापील पुस्तकाला १०० वर्षांची मर्यादा धर. अमेरिकेतला तुझा मावसभाऊ घरची पोथी मागतोय ना, त्याला प्रत्येक पानाचा चांगला फोटो पाठव, पोथी इथेच राहू दे. कधी जागा अपुरी पडली तर पोथ्या भांडारकर संस्थेला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखव. रद्दीच्या तागडीत घालायच्या नाहीत. प्रत्येक वस्तू कुठून आली, कुणाच्या घरातली, काय दिलं, याची वही ठेव. देताना वहीची नक्कलही सोबत दे.

तुझ्याकडे ही पुस्तकं आहेत असं कळलं की लोक हात पुढे करणारच. शेजारीण येईल, ऑफिसातला कुणी येईल. हात बघू नकोस, पण हाकलूही नकोस. संस्कृत परंपरेचं एक आणि विलायती वळणाचं एक अशी दोन पुस्तकं त्यांच्यासमोर उघड, आणि त्यांच्याच हातावरची एकच रेघ दोन्हीकडे काय सांगते ते त्यांना स्वतः वाचू दे. बहुतेक जण हसतात आणि चहाला थांबतात. एखादी आई मुलीचा हात धरून आली असेल, लग्न कधी म्हणून विचारायला, तर पुस्तकं बंदच ठेव. मुलीला शेजारी बसव आणि तिला पुढे काय करायचंय ते तिच्याच तोंडून आईला ऐकू दे.